स्वस्तातली बेस गिटार ऑनलाईन मागवताय? आधी नेक, मग रंग

रविवारी सकाळी मिसळ हाणून घरी येऊन जरा आडवा झालो होतो तेवढ्यात सिडकोतून भाच्याचा फोन. "मामा, बेस घ्यायचाय, पंधरा हजार जमलेत, एक बघून ठेवलाय, मॅट ब्लॅक, एकदम कडक दिसतो, करू का ऑर्डर?" म्हटलं अरे थांब की, स्क्रीनशॉट तर पाठव. आला स्क्रीनशॉट. त्यात रंग होता, ४० टक्के डिस्काउंट होता, फुकट मिळणाऱ्या सात वस्तूंची यादी होती. स्केल लेन्थ कुठे नाही, वजन नाही, पिकअप (तारांचा कंप पकडणारे, बॉडीवरचे चुंबक) कोणते ते नाही, परत घेणार की नाही तेही नाही. मग अर्धा-पाऊण तास फोनवर जे काय बोललो तेच इथे लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न मला वर्षातून चार-पाच जण तरी विचारतात, आणि आपल्याकडे नाशकात एमजी रोड, कॉलेज रोडला फिरलात तर गिटारी भिंतभर टांगलेल्या दिसतात पण बेस एखादाच असतो नाहीतर "मागवून देतो साहेब" असं उत्तर येतं. तो पण ऑनलाईनच मागवणार, मग आपणच मागवलेला काय वाईट.

पहिली गोष्ट, पंधरा हजार आहेत म्हणजे पंधरा हजारांचा बेस घ्यायचा नाही. हे ऐकून भाचा जरा नाराजच झाला. पण बेस आला की लगेच लागतं काय, तर एक बरी केबल, ऐकायला काहीतरी (अॅम्प नाहीतर हेडफोन अॅम्प), थोड्या दिवसांनी नवा तारांचा सेट, तो चांगल्या कंपनीचा घेतला तर दीड-दोन हजारांना पडतो कारण बेसच्या तारा गिटारच्या तारांपेक्षा बऱ्याच महाग, आणि सेटअप करून घ्यायचे, म्हणजे वाद्य वाजवायला नीट जुळवून घ्यायचे पैसे. म्हणजे तीन-चार हजार बाजूला काढायचे आणि उरलेल्यात बेस बघायचा. सध्या ऑनलाईन दुकानांचे स्वतःचे ब्रँड दहा-तेरा हजारांच्या आसपास सुरू होतात, आणि यामाहा, आयबानेझ, कॉर्ट, स्क्वायर यांचे सगळ्यात खालचे मॉडेल साधारण अठरा-वीसच्या घरात. भाव महिन्याला हलतात, तेव्हा हे आकडे अंदाजाने धरा.

आता मुद्द्याचं. स्वस्त बेसमध्ये काय खराब असलं तर चालतं आणि काय नाही, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. तारा खराब, बदलता येतात. नॉब खरखरतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की बरेचदा थांबतं. पिकअप मुळमुळीत वाजतो, पुढेमागे पैसे आले की बदला. तारा ताणायच्या चाव्या सैल, त्याही मिळतात. पण नेक (बोटं फिरतात तो लांब दांडा) पिळलेला असेल, फ्रेट (त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वरखाली असतील, ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी आतली सळई) फिरतच नसेल, तर त्या बेसवर खर्च करणं म्हणजे चारआण्याची कोंबडी आणि बाराआण्याचा मसाला. बेसच्या चार तारांचा मिळून ताण ७० किलोच्या वर असतो, तो दिवसरात्र नेकवर असतो, म्हणून खेळ सगळा नेकचा.

मला हे कळलं ते स्वतःचे पैसे घालवून. माझा पहिला बेस असाच एका ऑनलाईन विक्रेत्याकडून घेतलेला, सनबर्स्ट, दिसायला देखणा. आल्या दिवसापासून 'जी' (G) म्हणजे सगळ्यात बारीक तारेवर वरच्या बाजूला काही सूर 'टर्र' करायचे, मला वाटायचं आपलीच बोटं कच्ची आहेत. तीन आठवडे मी बोटांना दोष देत बसलो. मग शरणपूर रोडला राहणारे एक काका, वर्षानुवर्षं चर्चमध्ये बेस वाजवतात, त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी वाजवला सुद्धा नाही. बॉडीच्या बाजूने डोळ्याला लावला, सुतार फळी बघतो ना एक डोळा मिटून, तसा, आणि म्हणाले, "बाळा, पिळलाय हा." परत करायची मुदत होती सात दिवस. तो बेस अजून माळ्यावर आहे.

तर लिस्टिंग वाचायची कशी. सगळ्यात आधी स्केल लेन्थ, म्हणजे नटपासून (हेडस्टॉकजवळ, चाव्यांच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा अडकवतात तो भाग) तारेचा वाजणारा भाग. नेहमीचा बेस ३४ इंच, लहान म्हणजे शॉर्ट स्केल ३० इंच. साध्या इलेक्ट्रिक गिटारची साडेपंचवीसच्या आसपास असते, त्यावरून अंदाज येईल की बेसचे पहिले चार फ्रेट हाताला केवढे लांब पडतात. ज्याचा हात लहान आहे किंवा मुलगा-मुलगी सातवी-आठवीत आहे त्याने ३० इंची घ्यायला काही कमीपणा नाही, तारांचा ताण कमी असतो, बोटं कमी दुखतात. पण लिस्टिंगमध्ये नुसतं '४५ इंच' असं लिहिलेलं असतं ना, ती पूर्ण वाद्याची लांबी, स्केल नव्हे, तिथे फसू नका. आणि बेस म्हणजे दोन तारा काढलेली गिटार नाही हे घरच्यांना पण सांगून ठेवा, कारण आमच्या ओळखीत एका वडिलांनी पोराला सरप्राईज म्हणून चार तारांचं युकुलेले मागवलेलं, चार तारा दिसल्या बास.

दुसरं पिकअप. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस काढला, नाव प्रिसिजन कारण उभ्या डबल बेसला फ्रेट नसतात, इथे फ्रेट असल्याने सूर नेमका लागतो. मग १९६० साली जॅझ बेस आला. आजचे बहुतेक स्वस्त बेस या दोघांचीच नातवंडं. 'पी' (प्रिसिजन) म्हणजे दोन तुकड्यात कापलेला पिकअप, जाड, गोल आवाज, बँडमध्ये बसतो. 'जे' (जॅझ) म्हणजे दोन सरळ पट्ट्या, आवाजाला जरा धार, पण एकच पिकअप चालू ठेवला की गुणगुण येते, दोन्ही फुल ठेवले की जाते, तो बिघाड नाही. आणि पी-जे म्हणजे दोन्ही एकेक, यामाहाचा टीआरबीएक्स १७४ किंवा कॉर्टचा अॅक्शन पीजे असा आहे, नवशिक्याला मी डोळे झाकून पी-जे सांगतो. नेकची रुंदी पण बघा, जॅझचा नेक नटपाशी साधारण ३८ मिलिमीटर, प्रिसिजनचा ४१ ते ४३, आकडा छोटा वाटतो पण हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो.

अॅक्टिव्ह की पॅसिव्ह, या वादात पहिल्या बेसला पडूच नका. अॅक्टिव्हमध्ये आतल्या सर्किटसाठी ९ व्होल्टची बॅटरी असते, पॅसिव्हमध्ये नसते, केबल लावून ठेवली की ती उतरत राहते, आणि ऐन कार्यक्रमात आवाज गेला की माणूस केबल, अॅम्प, सॉकेट सगळं तपासतो आणि बॅटरी शेवटी. पॅसिव्ह घ्या. पाच तारांचा बेस? नको. चौथी तार नीट म्यूट (हाताने गप्प) करता येईना तिथे पाचवी कशाला.

लाकडाबद्दल लिस्टिंगमध्ये लई कौतुक असतं. 'बासवूड बॉडी' वाचून एकाने मला विचारलेलं, म्हणजे खास बेससाठीचं लाकूड का? नाही हो, झाडाचं नाव आहे ते, गिटारीपण त्याच्या बनतात. या किमतीत लाकूड कुठलं यापेक्षा वजन किती ते विचारा. साडेतीन ते चार किलो ठीक, साडेचारच्या पुढे गेलं की दोन तास उभं राहून वाजवताना खांदा बोलायला लागतो.

रिव्ह्यू वाचताना पाच स्टारवाले सोडून द्या. "डिलिव्हरी वेळेत, अजून उघडला नाही, छान" याला पाच स्टार असतात. दोन आणि तीन स्टारवाले वाचा, त्यात फोटो असलेले आधी, आणि नीट बघा की ते रिव्ह्यू बेसचेच आहेत का, कारण बऱ्याचदा एकाच पानावर गिटारचे आणि बेसचे रिव्ह्यू एकत्र केलेले असतात, तुम्ही २०० जणांचं मत वाचताय असं वाटतं आणि त्यातले बेसवाले असतात सहा. डेमो व्हिडिओ मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून निर्णय घेऊ नका. बेसच्या मोकळ्या ई तारेचा, म्हणजे सगळ्यात जाड तारेचा, सूर ४१ हर्ट्झचा, मोबाईलचा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, तुम्ही ऐकता ती नुसती वरची टकटक. हेडफोन लावा.

फुकटच्या सात वस्तूंचं म्हणाल तर बॅग पातळ, केबल दोन महिन्यांची सोबती, पट्टा खांद्याला कापतो, पिक चांगला असतो. त्यावरून बेस निवडू नका एवढंच.

आता पैसे भरायच्या आधी परत करायचं पान उघडा आणि पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी. 'रिप्लेसमेंट' आणि 'रिफंड' यात फरक आहे, काहीजण फक्त बदलून देतात. काहीजण म्हणतात तुम्हीच कुरियर करा, आणि बेसची पेटी नाशिकहून परत पाठवायची म्हणजे सव्वाचार-साडेचार फुटांचं धूड, कुरियरवाला वजनाचे नाही, आकाराचे पैसे लावतो. तुमच्या ४२२ वाल्या पिनकोडला रिटर्न पिकअप आहे का ते टाकून बघा, डिलिव्हरी आहे म्हणजे पिकअप असेलच असं नाही. विक्रेत्याचं नाव, पत्ता, माल कुठल्या देशात बनला हे दाखवणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बंधनकारक आहे, नसेल दाखवलं तर पुढे सरका. तक्रार केली तर ४८ तासात पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा हेही त्याच नियमात आहे. नाहीच दाद दिली तर ग्राहक हेल्पलाईन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी दिल्लीची असो की बंगळूरची, २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर माळा रिकामा असता.

नो कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बरेचदा लागतोच, बिल बघून ठरवा. परदेशी साईटवर युरोत स्वस्त दिसणारा बेस मागवायचा मोह होतो, मला पण झालेला, पण भाडं आणि कस्टम धरून बेरीज करा म्हणजे मोह आपोआप उतरतो, आणि खराब निघाला तर परत कुठे पाठवणार.

सेकंडहँड पण बघा बरं का, उलट मी आधी तेच सांगतो. आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजं मोप, मे-जून आला की शेवटच्या वर्षाची पोरं रूम सोडताना बेस, अॅम्प, कूलर सगळं विकायला काढतात. वीस हजारांचा बेस बारात मिळतो आणि समोर बसून वाजवून बघता येतो. फक्त बघितल्याशिवाय टोकन पाठवायचं नाही, आणि "क्यूआर स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पार्सल आलं त्या दिवशीचं नीट ऐका. पेटी उघडायच्या आधीपासून व्हिडिओ सुरू, सलग, मध्ये बंद न करता, चारही बाजू, लेबल, मग कापणं, मग सिरीयल नंबर. भाच्याने शेवटी बेस मागवला तेव्हा हे सगळं केलं, आमची ताई मोबाईल धरून उभी होती, व्हिडिओत अर्धा वेळ फरशी दिसते, पण पेटीचा चेपलेला कोपरा आणि नंबर आला, काम झालं. मग तासभर तसाच ठेवा, उन्हातल्या गाडीतून आलाय, जरा घरच्या हवेला येऊ द्या, मग सुरात लावा: ई, ए, डी, जी. फोनच्या ट्यूनरला ई तार बरेचदा ऐकू येत नाही, काटा नाचत राहतो, तेव्हा बाराव्या फ्रेटच्या बरोब्बर वर बोट हलकेच टेकवून तार छेडा, घंटीसारखा सूर येतो, तो फोन लगेच पकडतो.

सुरात लावल्याशिवाय नेक बघायचा नाही, कारण ताण नसेल तर तो खोटंच सांगतो. बॉडीच्या टोकाकडून हेडस्टॉककडे एक डोळा मिटून बघा. नटची कड आणि ब्रिजची कड एकमेकीला समांतर दिसली पाहिजे, एक बाजू वर एक खाली दिसली की पीळ. नंतर ई तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि शेवटच्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा, म्हणजे तारच फूटपट्टी झाली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये फट किती ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे ०.२५ ते ०.३ मिलिमीटर, असेल तर झकास. फटच नाही किंवा एटीएम कार्ड आरामात जातंय, तर ट्रस रॉडचं काम आहे, ते होण्यासारखं असतं, घाबरू नका. तसंच जी तारेला करून बघा, दोन्हीकडे फार वेगळं आलं तर पुन्हा पिळाचा संशय.

मग प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवायचा. कंटाळवाणं आहे. २० फ्रेट गुणिले ४ तारा, ८० सूर, दहा मिनिटं लागतात, पण हीच दहा मिनिटं मी चुकवली होती. एका जागी टर्र होतं आणि शेजारच्या फ्रेटला नाही, तर त्याच्या पुढचा, ब्रिजच्या बाजूचा फ्रेट उचललेला असू शकतो. सगळीकडेच थोडी टर्र असेल तर तारा खाली आहेत, सेटअपमध्ये जाईल. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन विझतो, त्याला डेड स्पॉट म्हणतात, तो लाखाच्या बेसमध्ये पण निघतो, त्यासाठी परत पाठवू नका.

नेकच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोकं करवतीसारखी लागली तर लाकूड सुकून आत गेलंय. आपल्याकडे थंडीत निफाडचा पारा बातम्यात येतो तेव्हा हवा पण तेवढीच कोरडी असते, डिसेंबर-जानेवारीत आलेल्या बेसला हे जास्त जाणवतं. थोडंफार असेल तर बारीक पॉलिश पेपरने जाणकाराकडून घासून घ्या, बोट कापत असेल तर परत.

प्लग लावून सगळे नॉब फिरवा, केबल जॅकमध्ये हलवून बघा. गुणगुण येत असेल आणि तारांना हात लावल्यावर कमी होत असेल तर ते नेहमीचं. हात लावल्यावर वाढत असेल तर आतली वायर सुटलेली असू शकते. आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर ताबडतोब बंद, बेसला नंतर बघा, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा. आमच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात अर्थिंगच नव्हतं, तीन पिनचं सॉकेट होतं, तिसरी पिन शोभेची.

पट्ट्याची खुंटी सैल असणं हा स्वस्त बेसचा जन्मजात रोग. स्क्रू काढा, अगरबत्तीची काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, जादाची मोडा, रात्रभर सुकू द्या, स्क्रू परत पिळा. चार किलोचं वाद्य फरशीवर पडण्यापेक्षा बरं. पण हे परत करायची मुदत संपल्यावर करा, आधी नाही, नाहीतर ते म्हणतील तुम्हीच छेडछाड केलीत.

सेटअप करणारा माणूस बेस घ्यायच्या आधीच शोधून ठेवा. दुकानात जाऊन सरळ विचारा, ट्रस रॉड करता का, इंटोनेशन करता का. "तारा खाली करून देतो" एवढंच उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. स्वतः करायचं असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, घट्ट केला की नेक सरळ होतो, सैल केला की वाकतो, आणि जोर लावावा लागला तर थांबा. इंटोनेशन म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा तो घंटीवाला सूर आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर एकच यायला हवा, दाबलेला चढा आला तर ब्रिजवरचं ते छोटं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्यायचं. वर्षातून दोनदा, पावसाळ्यात आणि थंडीत, नेक एकदा बघायचाच.

ऐकायचं कशावर? भावाचा छोटा गिटार अॅम्प असेल तर हळू आवाजात चालेल, मोठा केलात तर बेसच्या खालच्या सुरांनी स्पीकरचा कोन फाटू शकतो. पंधरा-वीस वॅटचा बेसचा अॅम्प घरी पुष्कळ. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोन अॅम्पच घ्या, गंमत नाही करत, खालचा सूर भिंतीतून जातो. भाच्याने पहिल्या संध्याकाळी मित्राचा अॅम्प आणून मोकळी ई तार वाजवली तर ताईच्या मांडणीतल्या ताटल्या झणझणायला लागल्या आणि खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन विचारून गेल्या, "अगं, मिक्सर बिघडलाय का तुझा?"

पेटी मात्र टाकू नका. थर्माकोल, फोम, सगळं परतीची मुदत संपेपर्यंत तसंच, कारण मूळ पेटीशिवाय बरेचजण परत घेत नाहीत. ताई दुसऱ्याच दिवशी भंगारवाल्याला द्यायला निघाली होती, भाच्याने ती पलंगाखाली ढकलून त्यावर स्केचपेनने तारीख लिहून ठेवली आहे, तोपर्यंत हात लावायचा नाही म्हणून.